जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या माजी पदाधिकाऱ्यांच्या मुलाखती: सुरुवात कुठून, विचारायचं काय, जपायचं कसं?

गिरणाकाठ:

नमस्कार मंडळी. खान्देशातल्या एका जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचा इतिहास मुलाखतींमधून नोंदवायचा आहे. माजी अध्यक्ष, संचालक, व्यवस्थापकीय संचालक, तालुक्यांचे विभागीय अधिकारी, अशी वीसेक नावांची यादी झाली आहे. बहुतेक जण पंच्याहत्तरी ओलांडलेले, दोघं-तिघं नव्वदीला टेकलेले. बँकेचं जुनं दप्तर बघायची परवानगी आहे. पैसा जेमतेम आहे.

स्मरणिकेत छापतात तसला गौरवग्रंथ करायचा नाही. उद्या कोणी अभ्यासक आला तर त्याच्या कामी यावं, एवढाच हेतू. माझे प्रश्न:

सुरुवात कोणापासून करावी? मोबाईलवर रेकॉर्डिंग चालेल का? निम्मे लोक अहिराणीत बोलतील, रावेर-यावलकडचे लेवा बोलीत. लिहून काढताना प्रमाण मराठी करायची का? संचालक मंडळाची बरखास्ती, ८८ची चौकशी (सहकार कायद्याच्या कलम ८८ खालची, बँकेच्या नुकसानीची जबाबदारी ठरवणारी), कर्जमाफी हे विषय कसे काढायचे? आणि शेवटी हे सगळं ठेवायचं कुठे?

---

दप्तरी:

आधी दप्तर, मग मुलाखत. नव्वदीच्या माणसांचा अपवाद करा. त्यांची पहिली बैठक याच महिन्यात उरका, तयारी अर्धी असली तरी चालेल. बाकीच्यांकडे कोऱ्या वहीने गेलात तर प्रत्येक जण तेच सांगेल: त्या काळी माणसं कशी प्रामाणिक होती आणि आता कसं सगळं बिघडलं.

दप्तरात तीन गोष्टी शोधा: छापील वार्षिक अहवाल, संचालक मंडळाच्या सभांची इतिवृत्तं आणि कमाल मर्यादा पत्रकं (कोणत्या सभासदाला किती कर्ज देता येईल ते दाखवणारी). त्यांवरून वर्षवार कालपट करा. एका रकान्यात बँकेचं, दुसऱ्यात जिल्ह्याचं आणि तिसऱ्यात मुंबई-दिल्लीचं. तिसऱ्या रकान्यात निदान एवढं हवंच: १ मार्च १९६६ (सहकारी बँकांना बँकिंग कायदा लागू, म्हणजे रिझर्व्ह बँकेचा हात थेट आत आला), १९६९चं राष्ट्रीयीकरण, १९७२ची कापूस एकाधिकार खरेदी (कापूस फक्त सरकारी योजनेलाच विकायचा), १२ जुलै १९८२ (शेती कर्जाला पैसा पुरवणाऱ्या नाबार्डची स्थापना), १९९०ची दहा हजारांपर्यंतची कर्जमाफी, २००८ची कर्जमाफी, नोव्हेंबर २०१६ची नोटाबंदी. धुळे-नंदुरबारकडचं काम असेल तर १ जुलै १९९८ही घाला. त्या दिवशी जिल्हे दोन झाले, बँक मात्र एकच राहिली. हे निभावलं कसं, हा प्रश्न एका पूर्ण बैठकीचा आहे.

एक खड्डा आधीच सांगून ठेवतो. पूर्वी सहकारी वर्ष ३० जूनला संपायचं. त्यामुळे जुन्या अहवालातलं '१९७२-७३' म्हणजे जुलै ते जून. हे लक्षात नसेल तर दुष्काळातल्या वसुलीचे आकडे आणि माणसाची आठवण जुळत नाहीत, आणि आपण उगाच म्हाताऱ्याला खोटं पाडतो. रिझर्व्ह बँकेचं हिशेबी वर्षही १९४० पासून २०२० पर्यंत जुलै-जूनच होतं. त्यांचे आकडे शेजारी मांडताना तिथेही जपा.

आता विचारायचं काय. कोणतंही इतिवृत्त उघडा, वाक्य ठरलेलं असतं: 'सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते ठरले.' ती सविस्तर चर्चा कागदावर नसते. मुलाखत तिच्यासाठी घ्यायची. ठरावाची झेरॉक्स समोर ठेवा आणि विचारा: सूचक हेच का होते? विरोध कोणाचा होता, तो इतिवृत्तात का आला नाही? विषय सभेपुढे येण्याआधी कोणाच्या घरी बैठक झाली? मुंबईहून राज्य सहकारी बँकेचा फोन आला होता का?

मोठ्या बँकेचं, म्हणजे रिझर्व्ह बँकेचंही याहून वेगळं नाही. जुलै १९९१ मध्ये रुपयाचं अवमूल्यन १ आणि ३ तारखेला असं दोन टप्प्यांत झालं. त्याची परिपत्रकं आणि दर सगळे कागदावर आहेत. दुसरा टप्पा थांबवता येईल का, असं अर्थमंत्री मनमोहन सिंगांनी डेप्युटी गव्हर्नर रंगराजन यांना फोनवर विचारलं, आणि तोवर दर जाहीर झाला होता, हे मात्र आपल्याला कळतं ते संबंधितांच्या आठवणींतून. फोनचं इतिवृत्त नसतं.

प्रश्नपत्रिका आधी पाठवू नका. विषयांची यादी पाठवा, सात-आठ ओळींची. पूर्ण प्रश्न पाठवले की उत्तरं लिहून आणतात आणि वाचून दाखवतात. ते भाषण होतं.

---

आवाजाचा_माणूस:

मोबाईल चालतो, पण जोडीला ठेवा. मुख्य मुद्रणासाठी हातात मावणारा रेकॉर्डर (झूम किंवा टास्कॅमचा साधा) आणि कॉलरला लावायचा वायरचा माइक घ्या. ब्लूटूथचा नको. मध्येच तुटतो आणि कळतही नाही.

मुद्रण वेव्ह फाइलमध्ये, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एका माइकचं मोनो केलं तर तासाला साधारण ५२० एमबी होतात, स्टिरिओ केलं तर त्याच्या दुप्पट. वीस माणसं गुणिले चार तास धरले तरी मोनोत ४२ जीबीच्या आसपास. म्हणजे जागेचा बाऊ करून एमपी३ वर मुद्रण करायला काहीच कारण नाही. एमपी३ ऐकायला द्यायची प्रत म्हणून नंतर बनवा. काही रेकॉर्डर २ जीबीला फाइल आपोआप तोडतात. जोडावर शब्द गळतो का, हे घरीच तपासून जा.

पातळी हाताने लावा. सर्वात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिला पाहिजे. 'ऑटो' बंदच ठेवा. माणूस आठवायला थांबला की ऑटो पंख्याचा आवाज उचलून धरतं, आणि या कामात माणसं थांबतातच.

खान्देशातली खरी अडचण उन्हाळा. पारा ४४-४५ वर असताना पंखा-कूलर बंद करा म्हणणं अमानुष आहे, आणि कूलर चालू ठेवून घेतलेली मुलाखत लिहून काढताना रडू येतं. शक्य तर काम दिवाळी ते होळी या दिवसांत आटपा. उन्हाळ्यातच करायचं झालं तर सकाळी साडेसात ते साडेनऊ. पंखा लागणारच असेल तर एकवर ठेवा आणि ८० हर्ट्झचा लो-कट (खालचे घरघरते आवाज गाळणारं बटण) लावा. घरघर पूर्ण जात नाही, कमी होते. टाइल्सची रिकामी बैठक घुमते. गाद्या-उशा असलेली आतली खोली बरी.

माइक हनुवटीखाली एक वीतभर, सदऱ्याच्या दुसऱ्या बटणाजवळ. कडक खादीचा सदरा आणि उपरणं माइकवर घासतं आणि तासभर खरखर येते. उपरणं बाजूला ठेवायची विनंती करायला लाजू नका. श्रवणयंत्र असेल तर शिट्टी येते का ते आधी हेडफोनवर ऐका, आणि ज्या कानाने बरं ऐकू येतं त्या बाजूला बसा. मोबाईल, तुमचाही, विमान मोडवर. जोडीचा मोबाईलही, नाहीतर कोणाचा तरी फोन येतो आणि मुद्रण तिथेच थांबतं.

सुरुवातीला माइकवर बोलून ठेवा: तारीख, गाव, कोणाची मुलाखत, कोण घेतंय, कितवी बैठक. मग अर्धा मिनिट कोणीच बोलायचं नाही. खोलीचा तो नुसता आवाज पुढे घरघर साफ करताना लागतो. बैठक दीड तासाच्या वर नेऊ नका. चहा आला की बंद न करता चालू राहू द्या. कपबशी वाजते, पण चहावर जे निघतं ते नंतर पुन्हा निघत नाही. फक्त मुद्रण चालू आहे हे त्यांना सांगा.

---

गटसचिव_निवृत्त:

यादी वाचली. सगळे खुर्चीवरचे. यात निदान सात-आठ गटसचिव (गावोगावच्या विकास सोसायट्यांचे, म्हणजे शेतकऱ्यांना कर्ज वाटणाऱ्या सोसायट्यांचे सचिव), दोन बँक निरीक्षक आणि एखादा जुना शाखाधिकारी घातल्याशिवाय बँकेचा इतिहास व्हायचा नाही. अध्यक्षाला ठराव आठवतो. त्या ठरावाचं विकास सोसायटीत काय झालं ते सचिवाला ठाऊक. दप्तरींचं दप्तर आधी हे खरं, पण सोसायटीचं दप्तर सचिवाच्या घरच्या पत्र्याच्या पेटीत असतं, बँकेत नाही.

काही प्रश्न देतो.

पैसा खालपर्यंत कसा यायचा? नाबार्डच्या आधी शेती कर्जाला मर्यादा (किती रक्कम उचलता येईल ते) रिझर्व्ह बँक द्यायची, बँक दराहून २ टक्के कमी व्याजाने. ती राज्य बँकेकडे, तिथून जिल्हा बँकेकडे, तिथून सोसायटीकडे. विचारा: मर्यादा मंजूर कधी व्हायची आणि सभासदाच्या हातात रक्कम कधी पडायची, मृगाच्या आधी की नंतर? उशीर कोणत्या टेबलावर व्हायचा? खताचा वाटा वस्तुरूपात दिला जायचा, तो खरंच उचलला जायचा की दुकानातच मोडला जायचा?

कापूस. एकाधिकार खरेदीत सोसायटीची बाकी कापसाच्या चुकाऱ्यातून कापून घेतली जायची. त्यामुळे त्या वर्षांत वसुली कागदावर छान दिसते. मग विचारा की बाकी असलेला माणूस कापूस दुसऱ्याच्या नावावर घालायचा का, आणि हे बँकेला माहीत होतं का. उत्तर नाही आलं तर चेहरा बघू नका, पुढचा प्रश्न विचारा. तेच दुसऱ्या सचिवाकडून कळेल. केळीचं गणित निराळं. रावेर-यावलचा माल व्यापाऱ्याकडून बाहेर जायचा, वसुलीला अशी आयती कात्री नव्हती. दोन्ही पट्ट्यांतली माणसं घ्या, एकाच तालुक्यावर जिल्हा तोलू नका.

नवे-जुने. मार्च-जूनला दोन दिवसांसाठी सावकाराकडून किंवा व्यापाऱ्याकडून रक्कम आणून खातं बेबाक करायचं आणि लगेच नवीन कर्ज उचलायचं. 'तुम्ही नवे-जुने केलं का' असं विचारलं तर सगळे नाही म्हणतील. 'वसुलीच्या शेवटच्या आठवड्यात शाखेत काय काय चालायचं, दिवसवार सांगा' असं विचारा.

अनिष्ट तफावत. सोसायटीने बँकेला देणं एक, सभासदांनी सोसायटीला देणं त्याहून कमी, मधली रक्कम कुठे गेली? कधी व्याज आकारणीतला फरक, कधी पगार-भाडं त्यातून भागवलेलं, कधी सरळ अपहार. कोणत्या सोसायटीत कोणतं कारण, हे लेखापरीक्षणात एका ओळीत असतं. माणसाकडून अर्धा तास निघतो. अध्यक्ष मंडळी या प्रश्नाला 'ते खालच्या लोकांचं' म्हणून सोडून देतात. म्हणून तर खालची माणसं घ्या म्हणतोय.

---

कलम_आणि_कागद:

नाजूक विषयांचं उत्तर निम्मं संमतीपत्रात आहे. संमती दोनदा घ्या. मुद्रणाआधी एक साधी: मुद्रण कशासाठी, कोण ठेवणार, मध्येच थांबवता येतं, एखादा भाग बंद ठेवता येतो. लिखित प्रत वाचून झाल्यावर दुसरी: कोणता भाग लगेच खुला, कोणता अमुक तारखेपर्यंत बंद. 'मी असेपर्यंत नको' असं लिहू देऊ नका. ते पाळायचं कोणी आणि कळणार कसं? '३१ डिसेंबर २०४० पर्यंत बंद' अशी पक्की तारीख घाला.

हक्कांचं लेखी करा. बोललेल्या मजकुरावर हक्क बोलणाऱ्याचा, मुद्रणावर ते करवून घेणाऱ्याचा. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी हवं. त्यात मुदत लिहिली नाही तर पाच वर्षंच धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. संकेतस्थळावर टाकायचं असेल तर 'संपूर्ण मुदतीसाठी, जगभर' हे शब्द हवेतच. नाहीतर पाच वर्षांनी वारसांच्या दारात जावं लागेल.

कर्जदारांची नावं निघणारच. खातेदाराची माहिती गुप्त ठेवायचं बँकेचं बंधन मुलाखतीत माजी अधिकारी बोलला म्हणून सुटत नाही. खुल्या प्रतीत 'एक मोठा सभासद, अमुक तालुका' एवढंच ठेवा, मूळ मुद्रण बंद भागात. जिवंत माणसावर अपहाराचा आरोप आला तर तो न्यायालयाच्या निकालात किंवा चौकशी अहवालात आहे का ते पाहा. नसेल तर तो तुकडा बंद. अब्रुनुकसानी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, आणि ती नोंदवून प्रसिद्ध करणाऱ्यालाही लागू शकते.

बरखास्तीबद्दल भावनेने विचारू नका, कलमाने विचारा. आदेश सहकार कायद्याच्या ७८ खाली होता की ११०अ खाली? ११०अ असेल तर मागणी रिझर्व्ह बँकेकडून आलेली असते. मग 'राजकारण झालं' या उत्तराच्या पुढे जाता येतं: तपासणीत नेमकं काय निघालं होतं, कळवल्यावर मंडळाने किती दिवसांत काय उत्तर दिलं? ८८च्या चौकशीतही तसंच. रक्कम कोणत्या व्यवहाराची, कोणाकोणावर विभागली, अपील कुठपर्यंत गेलं. माणूस तपशिलावर आला की राग आपोआप उतरतो. हा विषय पहिल्या बैठकीत काढू नका आणि शेवटच्या बैठकीच्या शेवटीही नको. मधल्या बैठकीत, मध्यावर.

नोटाबंदीचाही तसाच तुकडा पाडा. १४ नोव्हेंबर २०१६ ला जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली आणि आधी घेतलेल्या नोटा रिझर्व्ह बँकेत भरायची वाट जून २०१७ मध्ये मोकळी झाली. मधल्या सात महिन्यांत ती रोकड कोणत्या शाखांच्या तिजोरीत होती, मोजणी किती वेळा झाली, व्याजाचा भार कसा पडला, आणि पीक कर्जाला पैसा आणला कुठून? हे सांगणारे अजून तरुण आहेत म्हणून यादीत खाली ढकलू नका. आता विचारलं तर आकडे मिळतील.

---

गिरणाकाठ:

फारच कामाचं. यादी बदलतो, गटसचिव घेतो. भाषेचं आणि साठवणुकीचं कोणी सांगेल का? आणि वाचायला दिल्यावर माणसं अर्धं खोडतात म्हणे, त्याचं काय करायचं?

---

लिप्यंतर:

प्रमाण करू नका. 'तवय वसुली व्हयनीच नही' हे जसंच्या तसं राहू द्या. ज्या शब्दावर परका वाचक अडेल त्याचा अर्थ तळटीपेत. अहिराणीत आणि लेवा बोलीत 'ळ'चा 'य' होतो (केयी, डोया), तोही तसाच लिहा. मात्र सगळ्या लेखनिकांना एकच दोन पानी नियमावली द्या, नाहीतर एक 'शे' लिहील, दुसरा त्याचं 'आहे' करेल. प्रश्न अहिराणीत विचारता येत असेल तर उत्तमच. प्रमाण मराठीत विचारलं की माणूस सभेतल्या भाषेत शिरतो.

आकडे बोलीत येतात तसे लिहा आणि चौकटी कंसात अंक घाला: 'पाऊणशे लाख [७५,००,०००]'. पुढे शोधताना हाच कंस उपयोगी पडतो. साल सांगताना लोक आखाजी (अक्षय्य तृतीया), दुष्काळ, कोणाची तरी निवडणूक असं सांगतात. तेही तसंच, साल तळटीपेत, आणि ते कशावरून ठरवलं तेही. शंका असेल तिथे साल घालूच नका.

एका तासाचं मुद्रण लिहायला सरावलेल्या माणसालाही सहा ते आठ तास लागतात, बोलीत त्याहून जास्त. यंत्राने लिहून देणारी साधनं प्रमाण मराठीत कच्चा खर्डा देतात, अहिराणीत भलतंच लिहितात आणि ते दिसायला शुद्ध असतं, म्हणून जास्त धोक्याचं. पैसा कमी असेल तर सगळं लिहायच्या मागे लागू नका. आधी प्रत्येक मुलाखतीची वेळेनिशी विषयसूची करा: १२:४० मर्यादा मंजुरी, १८:०५ कापसाचे चुकारे, असं. दर दोन-तीन मिनिटांना एक ओळ. अभ्यासकाला याने ऐंशी टक्के काम भागतं. पूर्ण लेखन निवडक मुलाखतींचं, आणि तेही नव्वदीच्यांचं आधी.

खोडण्याबद्दल: दुरुस्ती करायचा हक्क द्या, पण मूळ मुद्रणाला हात लावू नका. लिखित प्रतीत बदल वेगळ्या ठशात दाखवा आणि पहिल्या पानावर टीप ठेवा की प्रत बोलणाऱ्याने तपासली आहे. पुष्कळदा माणूस मजकूर खोडत नाही, बोलण्यातला अडखळ खोडतो. तो खुशाल जाऊ द्या. संपूर्ण उत्तर काढून टाका म्हणाला तर आधी 'बंद ठेवू का?' असं विचारा. बहुतेक वेळा तेवढ्यावर तयार होतात.

---

दप्तरी:

साठवणुकीचं मी सांगतो. तीन प्रती: दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्क, वेगवेगळ्या गावी, आणि तिसरी क्लाउडवर. पेन ड्राइव्ह ही प्रत नव्हे. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल बिघडली का ते ओळखायचा आकडा) काढून एका तक्त्यात ठेवा, वर्षातून एकदा पडताळा, डिस्क पाच वर्षांनी बदला. फाइलच्या नावात माणसाचं नाव नको, नुसते अंक: तारीख, मुलाखत क्रमांक, बैठक क्रमांक. नाव-क्रमांकाचा तक्ता आणि संमतीपत्रं स्वतंत्र, कागदावरही.

एकट्या बँकेच्या भरवशावर ठेवू नका. मंडळ बदलतं, प्रशासक येतो, इमारतीची डागडुजी निघते आणि खोली रिकामी करायचा हुकूम सुटतो. रिझर्व्ह बँकेने १९८१ मध्ये पुण्यात स्वतंत्र अभिलेखागार काढलं, आणि तिच्या इतिहासाचे पाच खंड झाले आहेत, ते २००८ पर्यंत येतात. एवढी व्यवस्था जिल्हा बँकेला झेपणार नाही, पण कागद बाहेरच्या संस्थेत ठेवायला काय हरकत? धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, १९२७ पासून कागदच सांभाळतंय. जळगावला विद्यापीठ आहे. दोघांना आत्ताच पत्र लिहा, मुलाखती संपल्यावर नव्हे: तुम्ही काय घ्याल, कोणत्या स्वरूपात, बंद भाग बंद ठेवण्याची हमी लेखी द्याल का? त्यांच्या उत्तरावर तुमच्या संमतीपत्राची भाषा ठरेल, म्हणून हे पत्र पहिल्या मुलाखतीच्या आधी जायला हवं.

---

गटसचिव_निवृत्त:

पत्र्याच्या पेटीबद्दल एक राहिलं. सचिवाच्या घरी जुनी खतावणी, कर्ज रोखे निघाले तर उचलून आणू नका. ती सोसायटीची मालमत्ता आहे, त्याची नव्हे. तिथेच फोटो काढा, उजेड खिडकीचा, फ्लॅश नको, पान क्रमांक दिसला पाहिजे. आणि सोसायटीच्या चेअरमनला कळवून काढा, नाहीतर गावात दुसऱ्याच दिवशी बोभाटा होतो आणि पुढचे सचिव दार उघडत नाहीत.